हळद लाल झाली तेव्हा

प्रिय उत्कर्षा,

प्रिय लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. राग आहेच. फोन उचलत नाहीस, पुण्याहून आत्या सांगते की पोरगी भिंतीकडं तोंड करून पडलेली असते. म्हणून ही पाटी-पेन्सिल. जन्म गेला तेलुगू बोलण्यात, लिहिता येते ती शाळेतली चौथीपुरती मराठी. चुका काढत बसू नकोस. तेवढी शिकलीयस, ठाऊक आहे मला.

हितं ऊन लई आहे. रंगखाना बंदच. टॉवेलवाले फोन करून करून थकले, आता सूत दुसरीकडं रंगवायला देतात. मीही थकले. दवाखान्याचे जिने चढून गुडघे गेले. घरी आलं की पुन्हा चूल माझीच, कारण तुझ्या मल्लेशकाकाला माझ्याच हातचं तिखट लागतं, आणि आता भरवावंही लागतं. एवढा घोडा झाला, तरी घास पुढं केला की पिल्लासारखा आ करतो. मला हसू येत नाही आणि रडायला सवड नाही.

तुझ्या डोक्यात ते लिंबू बसलंय. त्या दिवशी कॉस्टिक सोड्याची बादली मल्लेशच्या हातावर कलंडली आणि तू आतून लिंबं घेऊन पळत आलीस. लहानपणापासून बघितलंयस, कॉस्टिकात उकळलेलं सूत ॲसिडच्या पाण्यातून काढलं की कॉस्टिक मरतं, मग रंग नीट धरतो. कॉलेजातही तेच शिकवत असतील. तू सुताचं औषध हाताला लावलंस. बिगर रंगखान्याच्या घरातली पोरगी असती तर तिला हे सुचलंही नसतं, नुसती किंचाळली असती. डॉक्टर म्हणाला, कातडं म्हणजे सूत नव्हे, असं मारायला गेलं की आणखी गरम होतं आणि वेळ जातो. आधी पाणी. नुसतं पाणी, लई वेळ. बरं, कळलं. मी तरी कुठली शहाणी? हात साबणासारखा बुळबुळीत झालेला बघून वर मूठभर हळद फासली. ती लालभडक झाली तशी शेजारच्या शिवप्पाची बायको रक्त, रक्त म्हणून बोंबलायला लागली. तेव्हा तूच ओरडलीस, अव्वा, हे रक्त नाही, कॉस्टिक अजून मेलं नाही म्हणून हळद लाल झाली! आणि एवढ्या थोरल्या माणसाला ओढत नळाखाली नेलंस. बोटं राहिली ती त्या पाण्यामुळं, असं डॉक्टर म्हणाला. तुझी बाजू घ्यायची त्याला काय गरज होती? हळदीवरून माझ्यावर तर चांगलाच खेकसला.

तर लिंबाचं तेवढंच. कॉलेजच्या मॅडम घरी येऊन गेल्या, प्रॅक्टिकल तोंडावर आलंय म्हणतात. आणि तू आत्याला म्हणालीस, ॲसिडची बाटली पुन्हा हातात धरणार नाही. मग काय, दुकानात साड्यांच्या घड्या घालणार? घाल. पण घड्या घालणाऱ्या पोरी हसत असतात, तुझ्यासारखं तोंड करून बसत नाहीत.

आणि खरं सांगू का, तू लिंबामुळं गेली नाहीस. मी नळाजवळच उभी होते. पाण्याची धार लागली तसा मल्लेश तडफडला, तुला ढकललं आणि म्हणाला, आईबापाला खाल्लंस, आता मलाही खा. माझे गुडघे गेलेत, कान शाबूत आहेत. आईबाप गेल्यावर ज्यानं तुला खांद्यावर वाढवलं, शिकवायचं म्हणून सगळ्या भावकीशी भांडला, त्याच्याच तोंडून ते निघालं. दुखण्यात माणूस काहीही बोलतो, असं मी म्हणणार नाही. बोलला तो बोलला.

पण त्यातलं त्याला काहीच आठवत नाही. शुद्धीवर आल्यापासून एकच विचारतो, पोरगी का गेली? त्याला वाटतं, लिंबाची लाज वाटून गेलीस. रविवारी सकाळच्या गाडीनं तुला न्यायला येतोय. पट्टी बांधलेला हात घेऊन. मी नको म्हणाले, ऐकत नाही. शिवप्पा उद्याच पुण्याला निघालाय, त्याच्या हाती हे देते, म्हणजे मल्लेशच्या आधी तुला पोचेल. तो काय बोलला ते मी मल्लेशला सांगितलेलं नाही. सांगितलं तर लाजेनं हितंच बसून राहील, यायचाच नाही. तुला सांगायचं असेल तर तोंडावर सांग, भांड, मी आड येणार नाही. गप्प बसायचं असेल तर तेही तुझं तू बघ. फक्त दार उघड. आणि चहा दिलास तर अर्धाच कप भर, डाव्या हाताशी ठेव. उजवी मूठ अजून मिटत नाही त्याची.

तुझीच, कटकट करणारी आजी
काशम्मा अव्वा