नुसत्या गॅसवर

नाना, गाडी बंद पडली. तशी ती बंद पडून आता बावीस दिवस झाले, पण तुम्हाला सांगायला मी आज बसले आहे. घोटीहून तांदूळ घेऊन येत होते. तुम्ही गेल्यावरसुद्धा दर वर्षी नवा तांदूळ निघाला की मी जाते, त्याच गिरणीवर, आणि तुम्ही घ्यायचात तेवढाच घेते, दोन कट्टे. एकट्या बाईला दोन कट्टे कशाला, असं गिरणीवाला विचारत नाही, पण त्याच्या मनात येत असणारच. अर्धा तांदूळ मी शाळेतल्या बायकांना वाटते आणि उरलेल्याला टोके होतात. तर वाडीवऱ्ह्याच्या अलीकडे, जिथे चढ आहे की नाही तेसुद्धा कळत नाही अशा चढावर, गाडी मिसिंग मारायला लागली, दोन गचके दिले आणि थांबली. मी खाली उतरून बॉनेट उघडलं आणि तुमच्यासारखी कमरेवर हात ठेवून उभी राहिले. त्यापलीकडे मला काही येत नाही. शेवटी भाजीचा एक टेम्पोवाला थांबला, दोर बांधला आणि म्हणाला, "मावशी, नुसतं हँडल धरून बसा. मी हात दाखवल्याशिवाय ब्रेक दाबू नका." मावशी म्हणाला मला. तुमच्या डोळ्यांपुढे मी असेन ती चव्वेचाळीसची. आता बावन्नची झाले, नाना.

गाडी नाशकात, द्वारका चौकाजवळच्या तुमच्या त्या गॅरेजवाल्याकडेच नेली. तुम्ही त्याला सटाण्याचा म्हणायचात. त्याचे केस पिकलेत आता, पण चिडला की अजून गावाकडची बोली बाहेर येते. दुसऱ्या दिवशी त्याने इंजिनचं हेड उतरवलं आणि शाळा सुटल्यावर मला बोलावून घेतलं. एक व्हॉल्व्ह माझ्या हातात ठेवला. त्याची कड करपलेल्या भाकरीसारखी झालेली. "ताई, गाडी म्हातारी व्हयनी शे, ते खरं," तो म्हणाला, "पण ही म्हातारपणाने नाही गेली. हिला कोणीतरी कोरडं मारलंय. पेट्रोलवर कधी चालवलीच नाही का तुम्ही?" मी म्हटलं, चालवायचे अधूनमधून. त्याने फळीकडे बोट दाखवलं. इंजिनला पेट्रोल ओढून देणाऱ्या पंपाचा रबरी पडदा त्याने आधीच काढून तिथे ठेवला होता. वाळून कडक झालेला, मधोमध फाटलेला. माझं खोटं असं समोर फळीवर पडलेलं होतं.

गॅसचा पंप आपल्याकडे नवा नवा आला होता ते दिवस आठवतात. तुम्ही दोन महिने त्या गॅसच्या किटची चौकशी करताय, चार गॅरेजं पालथी घालताय, आणि शेवटी बसवून आणता तेव्हा सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस पुन्हा कामावर रुजू झाल्यासारखा दिसतो. स्वयंपाकघराच्या ओट्यावर पेपर पसरून तुम्ही प्लग घासत बसता. आई जाऊन दोन वर्षं झालेली, त्यामुळे ओरडायचं काम माझ्याकडे आलेलं. "नाना, इथे कणीक मळायची आहे मला." तुम्ही पेपर दोन बोटं सरकवता, बस्स. मग मला गाडीत बसवून डॅशबोर्डखालचं बटण दाखवता. वर पेट्रोल, खाली गॅस. मला कळावं म्हणून तिथे चिकटपट्टी लावून बॉलपेनने 'पे' आणि 'गॅ' लिहिलेलं. गंगापूर धरणाच्या रस्त्यावर नेऊन तुम्ही मला चार वेळा म्हणवून घेतलंत. सकाळी सुरू करायची ती पेट्रोलवर. दोन किलोमीटर गेल्यावर गॅस. घर जवळ आलं की पुन्हा पेट्रोल, आणि बंद करायची ती पेट्रोलवरच. "नुसत्या गॅसवर आत कोरडं पडतं. रोज कोरडी भाकरी घातली तर माणूस तरी किती दिवस काढेल?" मी म्हटलं, कळलं हो. तेव्हा तुम्ही म्हणालात, "तुला कळतं पटकन, पण लक्षात राहत नाही. तू आपली कायम तुझ्याच विचारात." मला फार लागलं होतं ते.

पण लक्षात राहिलं, नाना. आठ वर्षं रोज सकाळी लक्षात होतं, आणि रोज सकाळी मी ते बटण जाणूनबुजून खाली ठेवलं. का ते सांगते. तुम्ही गेलात त्याच्या आधीच्या गुरुवारी संध्याकाळी बाहेरून आलात, किल्ली खिळ्याला अडकवलीत आणि म्हणालात, "पेट्रोल टाकून आणलंय. आता महिनाभर बघायला नको." मी सहामाहीचे पेपर तपासत होते. मान वर न करता "हं" म्हटलं. शनिवारी पहाटे तुम्ही गेलात. शुक्रवारी आपण काय बोललो ते मला काही केल्या आठवत नाही, त्यामुळे माझ्यापुरतं ते पेट्रोलचंच शेवटचं बोलणं. तेराव्यानंतर पाहुणे पांगले, भाऊ बंगळूरला परत गेला, आणि मी गाडीत जाऊन नुसती बसले. किल्ली फिरवली तर पेट्रोलचा काटा वर सरकून अर्ध्यावर थांबला. म्हटलं, हे नानांनी भरलेलं आहे, हे आपण संपवायचं नाही. एवढंच. त्यात काही मोठा विचार नव्हता. दुसऱ्या दिवसापासून गाडी गॅसवर सुरू आणि गॅसवरच बंद. गॅरेजवाले विचारत, मी थाप मारत असे. कधी फार एकटं वाटलं की इंजिन सुरू न करता नुसती किल्ली फिरवून तो काटा बघायचे. अर्ध्यावर आहे म्हटलं की बरं वाटायचं.

आता हसा. सातवीच्या मुलींना दर वर्षी बाष्पीभवन शिकवणारी बाई मी. स्पिरिटचा बोळा हातावर फिरवून 'बघा, उडालं की नाही' म्हणणारी. आणि माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही की पेट्रोल आठ वर्षं टाकीत कसं राहील. सटाण्याच्याने टाकीखालचा नट काढला आणि खाली घमेलं धरलं. एक थेंब पडला नाही. मग वरून तार घातली, तर तिच्या टोकाला डिंकासारखं तपकिरी काहीतरी चिकटून आलं, वार्निशच्या वासाचं. मी म्हटलं, पण काटा तर अर्ध्यावर आहे. तर तो म्हणाला, "ताई, हा काटा नानांच्या टायमापासून अडकलाय. टाकी भरलेली असो नाहीतर रिकामी, हा अर्ध्यावरच जातो. नाना कधी बघायचेच नाहीत त्याच्याकडे. डिकीत लाकडाची पट्टी असायची ना, ती टाकीत बुडवून बघायचे." ती पट्टी मी शाळेत नेली आहे, नाना. तिने फळ्यावर रेघा मारते.

मला आधी तुमचाच राग आला. एवढं चिकटपट्टीवर 'पे' आणि 'गॅ' लिहून ठेवलंत, मग काटा अडकलाय हे तेवढं सांगायला काय झालं होतं? मग वाटलं, सांगितलंही असेल. मी मान वर केली नसेल. माझ्या डोळ्यांपुढे तुम्ही अंगणात ती पट्टी बुडवून उजेडात धरायचात, आणि मला वाटायचं, म्हातारपणी लागतात अशा सवयी. एका घरात राहून मी तुम्हाला इतपतच ओळखत होते. जपायला म्हणून जे हातात धरलं ते नव्हतंच, आणि जे होतं ते जपण्याच्या नादात मी माझ्याच हाताने जाळलं. हे मी कोणाला सांगू? भावाला गाडी बंद पडल्याचं सांगितलं तर म्हणाला, विकून टाक आणि रिक्षाने फिर. तेवढंच म्हणाला तो, दोन मिनिटांत, मागे टीव्ही चालू होता.

आता प्रश्न इंजिनचा. दुरुस्त करायचं तर व्हॉल्व्ह, त्यांच्या बैठका, रिंगा, पिस्टन सगळं आलं. या गाडीचे भाग आता मिळत नाहीत, हिंडून गोळा करावे लागतील, आणि एवढं करून ब्लॉकला बारीक तडा आहेच. सटाण्याचा खोटं बोलत नाही. म्हणाला, "दोन वर्षं जाईल. घाटात मात्र न्यायची नाही." नाहीतर बदलायचं. मालेगावच्या जुन्या बाजारातून त्याने एक इंजिन आणलंय, मागून ठोकलेल्या गाडीतलं, पुढचं सगळं शाबूत. दोन दिवसांत बसेल. फक्त गाडीच्या पुस्तकात इंजिनचा नंबर बदलून घ्यावा लागेल. मला दाखवायला म्हणून त्याने ते लाकडाच्या दोन ठोकळ्यांवर ठेवून बॅटरी जोडून सुरू केलं. नाना, काय गोड आवाज होता. आपलं कधी इतकं शांत चाललेलं मला आठवतच नाही. मला तो आवाज आवडला आणि आवडला म्हणून लाज वाटली. शेजारी तुमचं इंजिन उघडं पडलेलं होतं, त्याच्या नटांवर तुमच्या पान्याच्या खुणा. मी म्हटलं, विचार करून सांगते.

तेव्हापासून त्याचा रोज फोन येतो. साडेसातला, शटर ओढलं की. "काय ठरनं ताई?" मी म्हणते, बघते हो. मग तो घाई करत नाही. गावाकडे चाळीत साठवलेला कांदा कसा निघाला ते सांगतो, म्हातारी आई गावाहून नाशकात यायला तयार नाही म्हणून कुरकुरतो. मग विचारतो, "जेवण झालं का? काय केलं आज?" पहिल्या दिवशी मला सांगता येईना, कारण मी चहात खारी बुडवून खाल्ली होती. कित्येक वर्षं माझं रात्रीचं जेवण तेच आहे. दुसऱ्या दिवशी मी गवारीची भाजी केली. मग मेथी. एकदा भरली वांगीसुद्धा, एकटीसाठी चार. त्याला मधूनच इंजिनचं काहीतरी विचारते, बोअर म्हणजे नेमकं काय करता, नंबर कुठे कोरलेला असतो. तो गरीब आपला सगळं समजावून सांगतो. काल मात्र जरा चाचरत बोलला. आपल्या गाडीने त्याची अर्धी शेड अडवली आहे, दुसऱ्यांचं काम त्याला उन्हातान्हात रस्त्यावर करावं लागतं. आणि त्या मालेगावच्या इंजिनला ओझरचं गिऱ्हाईक दोनदा येऊन गेलं. "मी तुमच्यासाठी थांबवलंय, ताई. पण किती दिवस थांबवू?"

नाना, बदलायचं. ते मी त्या लाकडी ठोकळ्यांपुढे उभी होते तेव्हाच ठरवलं होतं, पहिल्याच आठवड्यात. तुमचं इंजिन गेलं, ते मी घालवलं, त्याला अजून दोन वर्षं रखडवण्यात काही अर्थ नाही. हे मला तिथेच कळलं आणि लक्षातही आहे. पण त्याला सांगितलं की दोन दिवसांत गाडी दारात येईल, आणि मग साडेसातला कोण फोन करणार? तो गरजेपुरता विचारतो हे मला समजतं. तरी सात वाजले की मी रेडिओ बंद करते, फोन ऐकू यावा म्हणून. हे तुमच्यापर्यंत पोचायची सोय नाही ते बरंच आहे. नाहीतर उद्या सकाळी पायात चपला सरकवून तुम्ही स्वतः द्वारकेला गेला असतात आणि सांगून आला असतात, "बदल रे बाबा, हिचं कधीच ठरलंय."

सव्वासात झाले. आज पिठलं केलंय. त्याने विचारलं तर पिठल्याचं सांगेन, आणि इंजिनचं म्हणेन, अजून ठरत नाही हो.