पॅड बांधलेला अंपायर

प्रिय अव्या,

'प्रिय' लिहिलंय म्हणून हुरळून जाऊ नकोस. पत्राला सुरुवातीला काहीतरी लिहावं लागतं. 'अव्या, गाढवा' असं लिहिलं असतं तर हिने वाचून माझी शाळा घेतली असती.

लिहायचं कारण एकच. काल रविवारी मी स्वप्नीलला आउट दिलं. आपल्या स्वप्नीलला! आपल्याच कॅप्टनला, मॅच हातातोंडाशी आलेली असताना! हे ऐकायला तू हवा होतास रे. हिला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे तुम्ही आपल्याच लोकांना हरवून आलात?" आता हिला काय समजावणार?

तू गेलास तोसुद्धा सीझन अर्धा झालेला असताना. ही काय पद्धत झाली? मे महिन्यापर्यंत थांबला असतास तर काय बिघडलं असतं? हॉस्पिटलमध्ये भेटायला आलेलो, तेव्हा नाकाला नळी लावलेली होती आणि तू विचारत होतास, "टॉस कोणी जिंकला?" मी तुझी चादर सारखी करत बसलो. तू समजलास, आपण हरलो. आपण खरंच हरलो होतो म्हणा.

आपण खेळाडू कसले? टुकार! तू दहाव्या नंबरचा, मी अकराव्या. वर्तकनगरच्या कॉलनीत टेनिस बॉलवर आपण हिरो होतो, आणि त्याच गैरसमजात कोलशेतला क्लबात नाव घातलं. सीझनचा टणक बॉल पहिल्यांदा मांडीवर बसला तेव्हा कळलं, हे प्रकरण वेगळं आहे. तू कॅच घ्यायला पुढे धावायचास आणि बॉल तुझ्या मागे पडायचा. माझ्या हातात आलेला बॉल साबणासारखा निसटायचा. तरी दर रविवारी सकाळी पांढरे कपडे घालून आपण हजर! आठवडाभर ऑफिसात कंबर धरून बसणारा मी, मॅट अंथरून खिळे ठोकायला मात्र सगळ्यात पुढे असायचो.

आपल्याला टीममध्ये का ठेवलंय, हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. आपल्याकडे बॅटिंग करणाऱ्या टीमनेच अंपायर द्यायचे. मग उभं कोण राहणार? ज्यांची बॅटिंग शेवटी, ते. म्हणजे आपण! टोपी घालायची, बॉल मोजायला खिशात सहा खडे टाकायचे आणि उन्हात उभं राहायचं. आठवी विकेट पडली की मी तसाच पायाला पॅड बांधून अंपायरिंगला उभा राहायचो, म्हणजे माझा नंबर आला की वेळ जायला नको. बघणारे हसायचे. हसू देत की! स्वप्नीलचा कव्हर ड्राइव्ह आपण जितक्या जवळून बघितला तितका कोणी बघितलाय का? ती बॅट आणि बॉलची टणत्कारी गाठ! अंगावर काटा यायचा. मला तर वाटतं, चांगलं खेळता येत नाही म्हणूनच चांगला खेळ इतका आवडला.

पण तू भलताच सरळ निघालास. दोन वर्षांपूर्वी तूच स्वप्नीलला एलबी दिलेलास, आठवतंय? मैदानाची जमीन त्याच्या आजोबांची, नवीन मॅट त्याने आणलेली, कॅप्टन तो. आणि तू बोट वर केलंस! जाता जाता तो ओरडला, "अवीकाका, तुमी आपले हाव का त्यांचे?" तू टोपी नीट केलीस आणि म्हणालास, "पुढचा बॅट्समन पाठव." किती आठवडे तो तुझ्याशी धड बोलला नाही! वडापाव खाताना तू एकटाच गाडीच्या पलीकडे उभा. मी तुझ्याजवळ आलो तर मलाच म्हणालास, "तिकडे जा रे, नाहीतर तुलाही वाळीत टाकतील." वर खदाखदा हसलास.

तू गेल्यावर स्वप्नील रडला, हे तुला सांगायला हवं. मनाने चांगला आहे पोरगा. पण पंधरा दिवसांनी मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, अंपायरिंगला आता तुमीच. पण जरा आपलं बघून. आणि पुढच्या सीझनला नवीन पोरं येतात, सगळ्यांना घेता येईल असं नाय." मी काय समजायचं ते समजलो. अव्या, माझा रविवार जाणार होता रे! या वयात मला दुसरं कोण खेळायला घेणार? तसा मी पहिल्यापासून सांभाळून घेणारा. मला वाटलं, जमेल. थोडंफार आपलं बघायचं, त्यात काय एवढं?

आणि मग काल!

नऊ धावा हव्यात, दोन विकेट शिल्लक, स्वप्नील एकटा किल्ला लढवतोय. मी पॅड बांधून बोलरच्या बाजूला अंपायर. बॉल थोडा बाहेर गेला, स्वप्नीलने बॅट घातली आणि टक् असा बारीक आवाज आला. कीपरने पकडला. सगळे ओरडले. स्वप्नील जागचा हलला नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, "काका, नाय लागली."

लागली होती. मी ऐकलं होतं.

देवाशपथ सांगतो, मला तुझी आठवणबिठवण काही आली नाही. पुढचा सीझनही डोळ्यांपुढे आला नाही. बोट आपोआप वर गेलं. मग मात्र मी पायातल्या पॅडकडे बघितलं! कारण नववी विकेट पडली म्हणजे पुढचा बॅट्समन कोण? मीच की! मी टोपी काढली. स्वप्नील ताडताड चालत आला, माझ्या हातातून टोपी आणि खडे घेतले आणि स्वतःची बॅट, ग्लोव्ह्ज, हेल्मेट माझ्याकडे दिलं. माझी बॅट तंबूत राहिलेली. आता तो अंपायर आणि मी बॅट्समन!

पहिला बॉल ग्लोव्हला लागून मागे गेला आणि आम्ही दोन धावा पळालो. हो, मी पळालो! दुसरा बॉल खाली राहिला आणि सरळ माझ्या पुढच्या पॅडवर आदळला. मधल्या स्टंपच्या समोर, अव्या. आंधळ्यालाही दिसलं असतं. पुन्हा सगळे ओरडले.

मी स्वप्नीलकडे बघितलं. तो खाली मॅटकडे बघत होता. नाही म्हणाला असता तर कोणी काय केलं असतं? मैदान त्याचं, मॅच त्याची, जिंकायला फक्त सात धावा. समोरच्या बोलरने तर हात खाली घेतले, त्यालाही आशा नव्हती. मला आतून वाटत होतं, दे रे पोरा, दे. स्वतःच्या विकेटसाठी एवढा आतुर झालेला माणूस मी दुसरा बघितलेला नाही.

त्याने बोट वर केलं.

आपण हरलो. आणि मला काय आनंद झाला म्हणून सांगू! तो बोलर आधी स्वप्नीलकडे धावला, त्याचा हात हातात घेतला, मग उड्या मारल्या. मला वाटलं, ओरडावं, अव्या, बघ रे!

परत येताना स्वप्नील माझ्या बाजूने चालत होता. म्हणाला, "सरळ होती ना काका?"

"एकदम सरळ."

"आणि माझी? लागली होती, मना पण ठाव होतं."

"मला माहीत आहे."

"अवीकाका काय बोलले असते आज?"

"म्हणाला असता, बोट वर करायला एवढा वेळ लावतात का?"

तो हसला. मग डोळे पुसले, माझ्याकडे न बघता. आणि म्हणाला, "पुढच्या सीझनला तुमी आहातच. तुमच्याशिवाय मना आउट कोण देईल?"

अव्या, मला आउट होऊन टीममध्ये जागा मिळाली. असं आपल्यालाच जमतं!

तेव्हा तुला शब्द देतो. गुडघे चालतात तोवर मी उभा राहीन आणि आउट असेल त्याला आउट देईन, मग समोर कोणीही असो. बॅटिंगचं मात्र वचन मागू नकोस, तिथे माझं काही चालत नाही.

तुझाच,
शऱ्या
(दोन धावा, पायचीत)