मानपत्राची शेवटची ओळ

वस्ताद, बास्केटबॉलच्या कोचला आम्ही वस्ताद म्हणायचो, ते तुम्हाला आवडायचं की नाही हे विचारायचं राहूनच गेलं. आमच्या गावांकडं खेळ शिकवणारा माणूस तालमीतच भेटायचा, त्यामुळं दुसरा शब्द आम्हाला सुचलाच नाही. तुम्ही पाटणकडचे, फौजेतून हवालदार होऊन सुटलेले, खेळ तिथंच शिकलेले. साखर कारखान्यानं तुम्हाला टीम उभी करायला पगारावर ठेवलं होतं. मी कवठे महांकाळकडचा. दारातून वाकून जावं लागायचं एवढी उंची, तेवढ्यावर मला घेतलेलं. टीममधले आम्ही बहुतेक सगळे हंगामी कामगार. गळीत संपलं की घरी, आणि पुढच्या गळिताला बोलावणं येईल की नाही ते वरच्यांच्या मर्जीवर. मी गावाकडं गेलो की आई एकच विचारायची, "कायम झालास का रं?" मी नाही म्हटलं की ती पुन्हा जेवायला वाढायला लागायची.

तुमच्या क्वार्टरचं स्वयंपाकघर मला अजून डोळे मिटूनही दिसतं. सकाळची प्रॅक्टिस संपली की आम्ही घामाघूम भिंतीला टेकून ओळीनं बसतो, काकी दूध आणि गूळ-शेंगदाणे देतात, आणि तुम्ही हाताची घडी घालून दारात उभे. कोण किती खातो हे बघायला नव्हे. त्या दिवशी जो वाईट खेळला असेल त्याला सगळ्यांत शेवटी मिळायचं. "खेळतोस म्हशीवानी आन गिळायला पयला व्हय?" असं म्हणून तुम्ही वाटी उचलून पुढच्याला द्यायचात. बऱ्याच सकाळी तो शेवटचा मीच असायचो. काकी तुमची पाठ फिरली की माझ्या हातात अर्धी भाकरी ठेवायच्या. त्यांनीच एकदा घरचं विचारलं, तेव्हा मी सांगून टाकलं की दुष्काळात आई रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती, एकदा चक्कर येऊन ढिगाऱ्यावर पडली, तरी दुसऱ्या दिवशी गेली. तुम्ही दारात उभे राहून ऐकलंत. मला वाटलं, माणूस आतून बरा आहे.

मग तो दिवस. माझे फ्री थ्रो चुकत होते. एक चुकला, दुसरा चुकला, पुढं मोजायचंही सोडून दिलं. पाळी सुटली होती आणि माणसं कोर्टाशेजारून कँटीनकडं चालली होती. तुम्ही मला रिंगखाली उभं केलंत, बॉल डोक्यावर दोन्ही हातांनी धरायला लावलात आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, "ह्याची आय खडी फोडताना पडली, पर दुसऱ्या दिशी उठली. ह्यो पडलाय त्यो पडलायच. आयला पाठव की लेका तुज्या जागी!" माणसं हसली. मी माझ्या तोंडानं तुमच्या चुलीपाशी सांगितलेलं तुम्ही बाजारात मांडलंत. ऊन टाळूवर आलं तरी तुम्ही हात खाली घेऊ दिले नाहीत. आठ दिवसांनी तुम्ही माझ्यापुढं बुटांचा जोड टाकलात. माझ्या मापाचे बूट अख्ख्या सांगलीत मिळत नव्हते, मी पुढून फाटलेल्या बुटातच पळत होतो. तुम्ही जुन्या पलटणीतल्या कुणाला तरी कळवून मागवले होते. "घाल. आन रडक्या तोंडाचा दिसू नगंस," एवढंच म्हणालात. मी बूट घातले. राग मात्र तसाच ठेवला.

तुमचं आणि कारखान्याच्या लोकांचं कधीच पटलं नाही. दोष सगळा त्यांचाच होता असं मी म्हणणार नाही. दहा जणांची यादी तुम्ही कँटीनच्या फळ्यावर लावायचात आणि ती लागली की चेअरमनसाहेबांचा शब्दही तुम्हाला चालायचा नाही. क्रीडा समिती ज्यांच्याकडं होती त्या संचालकांचा पुतण्या टीममध्ये होता. बोटांत दोन अंगठ्या घालून खेळायला यायचा. तुम्ही काढ म्हणालात, त्यानं काढल्या नाहीत, यादीतून नाव गेलं. सांगलीच्या स्पर्धेत फायनलच्या सकाळी संचालक जीप घेऊन मैदानावरच आले. आम्हा सगळ्यांसमोर म्हणाले, "वस्ताद, पोराला आज उतरवा. त्येची आई बघाया आलीया." तुम्ही शिट्टी तोंडातून काढलीत. "सायेब, बाकावर बसायला बी दम लागतो. तेवढा बी न्हाई ह्येच्यात. आईला म्हणावं, नदीला देऊळ हाय, दर्शन घिऊन घरी जावा." पुतण्याच्या आईनं ते जीपमधून ऐकलं. संचालक हसले, लय चांगलं म्हणाले, आणि जीप गेली. आपण फायनल जिंकलो. परतताना गाडीत तुम्ही पहिल्यांदा आणि शेवटचं गाणं म्हटलंत, तेही बेसूर.

चार दिवसांनी मला गेस्ट हाउसवर बोलावणं आलं. संचालकांनी मला खुर्ची दिली, कपबशीत चहा दिला. "तुजं अक्षर चांगलं हाय म्हणं. वस्तादाचा तरास होत आसंल तर ल्ही की बाबा. आमी काय दुश्मन हाय व्हय तुमचे? सह्या करणाऱ्यास्नी ह्या वक्ताला कायम करायचं ठरलंय." मी लिहिलं. एक शब्दही खोटा लिहिला नाही, हे मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो. कोच खेळाडूंना उन्हात उभे करतात. कोच उपाशी ठेवतात. कोच आयांवरून बोलतात. खाली दहा सह्या झाल्या, पहिली माझी. संचालकांनी कागद वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "पर आसं हाकलून द्याचं न्हाई. मानानं पाठवायचं. सत्कार करू." शेजारी बसलेला हेडक्लार्क हसला. त्या हसण्यातून मला पुढचं सगळं कळलं.

गळिताच्या सांगतेचा मांडव होताच. त्यातच तुमचा सत्कार ठेवला. तुम्हाला बोलवायला मी आलो. तुम्ही कोट घालून उभे, काकी छातीवर मेडलं लावतायत आणि टाचणी टोचली म्हणून तुम्ही त्यांच्यावर ओरडताय. "सत्कार कशाचा रं?" तुम्ही मला विचारलंत.

"फायनल जिंकली न्हवं वस्ताद."

"मला वाटलं त्यो संचालक डूख धरंल. मानूस मोठ्या मनाचा निगाला." मग तुम्ही काकींना नवं लुगडं नेसायला लावलंत. वाटेत तुम्ही पुढच्या हंगामाचं बोलत होता. माझ्या डाव्या हातावर काम करायचं, आणि बचावाला उभा असताना माझा आवाज वाढवायचा. "तू वरडतोस ते तुलाच ऐकू येतंय. आवाज शेवटपतोर पोचला पायजे." क्वार्टरपासून मांडवापर्यंतची ती वाट चांगली लांब होती. एक वाक्य बोलायला पुरेशी होती.

तुम्हाला फेटा बांधला, शाल घातली. चेअरमन तुमच्या फौजेतल्या दिवसांवर बोलले. नंतर माईकवर मी आलो आणि मानपत्र वाचायला लागलो. तक्रारीचा अर्ज ज्या पेनानं लिहिला होता त्याच पेनानं तेही मीच लिहिलं होतं. शिस्त, त्याग, देशसेवा, खेळाडूंवरची माया, सगळं त्यात होतं. प्रत्येक वाक्याला टाळ्या पडत होत्या आणि तुम्ही ताठ बसून समोर बघत होता, परेडला बसल्यासारखे. मग शेवटची ओळ आली. "आजपासून आपण कारखान्याच्या सेवेतून स्वेच्छेने निवृत्त होत आहात, आपणास उर्वरित आयुष्य सुखाचे जावो." टाळ्या सगळ्यांत जास्त तिथंच पडल्या. बायकांच्या बाजूला काकी आजूबाजूच्यांकडं बघून हसत टाळ्या वाजवत होत्या. तुम्ही संचालकांकडं बघितलं नाहीत. माझ्याकडं बघितलंत, आणि हळूहळू तुमचा फेटा एका बाजूला कलला, कारण मान तशीच धरायला तुम्ही विसरलात. चेअरमननी फ्रेम पुढं केली. तुम्ही उठून घेतलीत. फोटोवाल्यानं तोंड इकडं करा म्हटलं, तेही केलंत.

मांडवाबाहेर मी तुमच्यासमोर आलो, कारण दुसरीकडून वाट नव्हती. तुम्ही म्हणालात, "वाचलंस चांगलं. आवाज शेवटपतोर पोचला." काकी मागून येऊन विचारत होत्या, "आवं, निवृत्त म्हंजी काय झालं?"

आठ दिवसांत तुम्ही पाटणकडं गेलात. मी कायम झालो, आणि ते क्वार्टरही मलाच मिळालं. आईला घेऊन आलो तेव्हा स्वयंपाकघरात दाराशेजारच्या खिळ्याला ती फ्रेम तुम्ही टांगून ठेवलेली होती. विसरला असाल असं मला वाटत नाही. आईनं काच पुसली आणि म्हणाली, "चांगल्या मान्साचं घर मिळालं बग." पुढं त्याच फ्रेममध्ये मी माझ्या लग्नाचा फोटो बसवला. मानपत्र काढलं नाही, त्याच्यावरच फोटो ठेवून मागून पुठ्ठा लावला. चार वर्षांनी तुम्ही वारल्याची बातमी आली. रजा शिल्लक होती. मी आलो नाही.

हे पत्रही त्या पुठ्ठ्याच्या आतच ठेवणार आहे. आमच्यातले जे उरलेत ते भेटले की मी त्यांना सांगतो, आपण पोटासाठी सह्या केल्या, मला तर मानपत्रही बळजबरीनं वाचायला लावलं. सगळे माना हलवतात. वस्ताद, ते मानपत्र हेडक्लार्क वाचणार होता. मला वाचायला कुणीच सांगितलं नव्हतं. मी संचालकांच्या घरी जाऊन ते वाचायला मागून घेतलं होतं.