घड्याळ चालू होतं अन् मी जेवत होती

प्रिय आत्याबाई,

माहा डावा गुडघा सुजला आहे. डॉक्टरनं आठ दिवस हलायचं नाही म्हणून सांगितलं. तुमच्या घरात सून म्हणून आली त्याले तीस वर्षं झाली, अन् आज पहिल्यांदा मी भरदिवसा खाटेवर बसली आहे. बसून करू काय? सगळ्यांवर ओरडून झालं. पूजानं वही-पेन आणून हातात दिलं अन् पळून गेली. म्हणून तुम्हाले लिहून राह्यली.

पूजा म्हणजे आपली नातसून. तुम्ही गेल्यावर आली, तुम्ही तिले पाह्यलं नाही. मलाजखंडची आहे, हिंदीतच बोलते. चांगली आहे, पण हळू आहे. तिचं मग सांगते.

मी चौथी शिकलेली, तेही हिंदी शाळेत. मराठी लिहायची तर हात अडते. पण हिंदीत लिहिलं असतं तर तुम्ही म्हटलं असतं, "काय वो भागरते, तहसीलदाराले अर्ज देऊन राह्यली का?" परसवाड्याकडून आली तेव्हा मले ना मराठी येत होती, ना पोहणं. दोन्ही तुम्हीच शिकवलं. दोन्ही शिव्या देऊन.

आता बातमी ऐका. मी शर्यतीत उतरली. हसू नका! एकाच दिवशी आधी धरणात दोन किलोमीटरच्या आसपास पोहायचं, मग नव्वद किलोमीटर सायकल, मग एकवीस किलोमीटर पळायचं. सगळं साडेआठ तासांच्या आत. याले ट्रायथलॉन म्हणतात. मी आधी ट्रायल ऐकलं. म्हटलं, ट्रायलच एवढी मोठी, तर खरी शर्यत केवढी असन?

हे खूळ बालाघाटच्या पीटीवाल्या मॅडमनं घातलं. दर रविवारी त्या आपल्या तलावात पोहायले येतात, डोळ्याले चष्मा लावून. मी त्या दिवशी शिंगाडे तोडून राह्यलीती. टोपली ढकलत या काठावरून त्या काठाले गेली, परत आली. त्या पाहातच राह्यल्या.

"दीदी, आप कितनी देर तैर लेती हो?"

"जब तक सिंघाड़ा खतम न हो।"

"और साइकिल?"

"कटंगी बाजार तक रोज थोड़ी जाती हूँ। हफ्ते में एक बार।"

"सामान लेके?"

"नहीं तो क्या, घूमने जाती हूँ?"

झालं. बाई मागंच लागली. तुमच्या लेकाले सांगितलं तर ते लाल झाले. "या वयात चड्डी घालून पळशील? मी गावात तोंड दाखवू का नको?" मी म्हटलं, "तुम्ही तोंड खुशाल दाखवा, चड्डी तर मी घालून राह्यली." त्याच्यावर दोन दिवस बोलले नाहीत. मग तिसऱ्या दिवशी गुपचूप माह्या सायकलच्या चेनले तेल दिलं.

पण मी काहून उतरली, ते कोणाले सांगितलं नाही. तुम्हाले सांगते. तुम्ही मले अदमुरी म्हणत होत्या ना? लग्नाच्या पहिल्याच महिन्यात मी दह्याचं गाडगं तीनदा उघडून पाह्यलं होतं, लागलं का, लागलं का म्हणून. दही अदमुरंच राह्यलं, अन् नाव माह्यावर पडलं. नंतर काही अर्धं राह्यलं की, "अदमुरीनं केलं असन." शिवण अर्धं, सारवण अर्धं, भांडण तेवढं पुरं! खरं होतं आत्याबाई, म्हणूनच झोंबत होतं. एक काम हातात असलं की माह्यं मन दुसऱ्या कामात. तर म्हटलं, एकदा तरी एक मोठं काम सुरुवातीपासून शेवटापर्यंत पुरं करून दाखवू. मेडल आणू, तुमच्या फोटोले अडकवू, अन् विचारू, आता बोला!

सात महिने तयारी केली. पहाटे कटंगीपर्यंत सायकल, रिकामी. बायका विचारत, "काहून वो, आज माल नाही?" पळायले मी लाजत होती, म्हणून गावाबाहेर कॅनालच्या वाटेनं पळली. एक म्हातारा रोज भेटे अन् रोज विचारे, "बाई, बैल सुटला का?" शेवटी मी म्हटलं, "हौ बाबा, सुटला." तो बिचारा बैल शोधायले निघाला.

शर्यतीच्या दिवशी मले काळा घट्ट कपडा घातला, दंडावर पेननं नंबर लिहिला, डोक्यावर पिवळी रबराची टोपी. तुम्ही ओळखलं नसतं. ओळखलं असतं तर घरात घेतलं नसतं!

शिटी वाजली अन् सगळे पाण्यावर तुटून पडले. हात मार, पाय मार, कोणाची लाथ माह्या कानावर. मीबी जोरात सुटली. अन् शंभर हात गेली नाही तर दम तुटला. खरंच भेव वाटलं. पाण्यात मले कधी भेव वाटत नाही, त्या दिवशी वाटलं.

तुम्हाले आठवते? तुम्ही माह्या पाठीले दोन वाळले भोपळे बांधून मले तलावात ढकललं होतं. चौथ्या दिवशी मीच भोपळे सोडून टाकले, किती दिवस बांधून फिरायचं म्हणून! अन् दगडासारखी खाली गेली. तुम्ही वेणी धरून वर ओढलं, एक थापड दिली अन् म्हटलं, "पाण्याशी भांडू नोको. पाणी काई तुही जाऊ नाही."

त्या धरणात मले तेच ऐकू आलं. मी थांबली, उताणी झाली, दम घेतला. मग आपल्या कामासारखी चालली. उलटव, पाह्य, तोड, ठेव. वेल उलटवायचा, पिकलेलं पाह्यचं, तोडायचं, वेल परत जागेवर ठेवायचा. तुमचे हे चारच शब्द, चार हात पाण्याले. एक-एक करत कितीतरी जणांच्या पुढं गेली. काठाले लागली तेव्हा मॅडम कठड्याजवळ नाचून राह्यल्या होत्या.

अन् इथंच गोंधळ झाला, आत्याबाई.

मॅडमनं आधी सांगितलं होतं, "बीच में कपड़े बदलने का टाइम मिलेगा।" मी समजली, सुट्टी मिळन. पोहण्याचं काम झालं, आता सुट्टी, मग सायकलचं काम. आपल्या तलावावर कसं असते? पाण्यातून निघालेल्या माणसानं आधी डोकं पुसायचं, उन्हात बसायचं, जेवायचं, मग दुसऱ्या कामाले हात लावायचा. तुमचा कायदा. ओल्या डोक्यानं कोणी टोपली उचलली की तुमची शिवी पडलीच.

बाकीचे लोक निथळत सायकलीकडं पळून राह्यले. मले वाटलं, कुठं आग लागली का? मी गमछा गवतावर पसरला, टोपी काढली, केस मोकळे सोडले, अन् पूजानं दिलेला डबा उघडला. भात, वांग्याचं भरीत, मिरची. पहिला घास बाजूले ठेवला, तुम्ही ठेवत होत्या तसा.

पट्ट्याचा सदरा घातलेली शर्यतवाल्यांची एक पोरगी धावत आली. "आंटी, तबीयत ठीक है?"

"तबीयत को क्या हुआ? भूख लगी है। तू खाएगी?"

तिनं वाकून डब्यात पाह्यलं. तेवढ्यात कठड्यावरून मॅडम ओरडल्या, "भागरता दीदी! क्या कर रही हो? घड़ी चल रही है!"

"किसकी?"

"आपकी!"

तेव्हा मले समजलं की ही सुट्टी नव्हती. हा वेळबी शर्यतीतच मोजून राह्यले होते.

डबा अर्धा झाला होता. मी उठणारच होती. झाकण हातात घेतलं. दुसऱ्या कोणत्याबी दिवशी मी उठली असती, तुम्हाले तर माहीत आहे.

पण त्या झाकणावर माहा हात थांबला. आता मले ते लिहावं लागन, जे दोन वर्षं झाली तरी मी कोणाले सांगितलं नाही.

तुम्ही गेल्या त्या दिवशी थंडी होती. तुम्ही अंगणात उन्हात बसल्या होत्या, ताट पुढं घेऊन. मी तलावावरून आली, शिंगाडे पोत्यात भरून राह्यलीती, कटंगीचा बाजार होता. तुम्ही म्हटलं, "बस वो जरा. दोन घास खाय माह्यासंग." मी काय म्हटलं? "तुम्हाले काय, तुम्ही बसूनच राह्यता. मले टाइम नाही." अन् सायकलले पाय मारला. वळून पाह्यलंबी नाही. दुपारी परत आली तर दारात माणसं जमली होती. ताट तसंच होतं. भातावर तुमची बोटं उमटली होती.

मले सांगा, काय बिघडलं असतं बाजारात थोडं उशिरा गेली असती तर? शिंगाडे काय उडून गेले असते?

लोकं सांगतात, म्हातारी सुखानं गेली, उन्हात बसल्याबसल्या. मी हौ म्हणते. माह्या पोटात काय आहे ते माह्यं मले ठाऊक.

तर मी झाकण खाली ठेवलं. मॅडमले म्हटलं, "खाना पूरा करके आती हूँ।" मॅडमनं कपाळावर हात मारला. मी तुमच्यासाठीच बसली होती, असं खोटं बोलणार नाही. बसली तर सवयीनं होती. पण उठली नाही, ते तुमच्यासाठी. सगळा डबा खाल्ला, एक-एक शीत. ऊन पाठीवर लागून राह्यलं होतं. मिरची लय तिखट होती, डोळ्यातून पाणी आलं ते मिरचीचं म्हणा.

वीस मिनिटं गेली त्यात.

मग मी सायकलवर बसली अन् अशी हाणली म्हणता! चढावर गाणी म्हटली, उतारावर देवाचं नाव घेतलं. नव्वद किलोमीटर कसेबसे झाले. पळताना मात्र तेरा-चौदा किलोमीटरनंतर गुडघ्यानं जवाब दिला. थोडं पळणं, थोडं लंगडणं. पाण्याचे टेबल उचलून राह्यले होते लोक. एक बाई म्हणे, "गाडी में बैठ जाओ अम्मा, छोड़ देंगे।" मी म्हटलं, "अम्मा को हाथ मत लगाना।"

शेवटी हवा भरलेली मोठी कमान असते, तिच्या खालून जायचं. मी पोहोचली तर तिची हवा काढून राह्यले होते. कमान अर्धी वाकली होती, थकलेल्या हत्तीसारखी. एक टोपीवाला आडवा आला. "आंटी, टाइम ओवर हो गया। सात मिनट।"

"तुम्हारा हुआ होगा। हट सामने से।"

मी त्या कमानीचं कापड हातानं वर उचललं अन् खालून वाकून निघाली. मॅडम पलीकडं रडत होत्या. मेडलचा डबा गाडीत चढला होता. मी मागितलं, त्यांनी दिलं नाही. कायदा म्हणे. मी लय भांडली. मग तिथंच मातीत बसून रडली. मन मोठं केलं, हरल्याचं वाईट वाटलं नाही, असं मी लिहिणार नाही. वाईट वाटलं. आजबी वाटते. सात मिनिटं म्हणजे काय असते? चहा उकळत नाही तेवढ्यात!

काल पूजाच्या फोनवर निकाल आला. माह्या नावापुढं डीएनएफ लिहिलं आहे. पूजा हळूच म्हणे, "मम्मी, इसका मतलब... पूरा नहीं किया।"

"कोणं पुरं नाही केलं?" मी एवढी ओरडली की तुमचे लेक गोठ्यातून धावत आले. त्यांनी ते पाह्यलं अन् म्हणे, "माय असती तर त्या टोपीवाल्याची वेणी धरली असती." त्याले वेणी नव्हती, पण मले बरं वाटलं.

आत्याबाई, मी तुमच्यावर थोडी रागावली आहे. अठ्ठावीस वर्षं आधी जेव, आधी जेव करून माह्यं मेडल घालवलं तुम्ही! फोटोले अडकवायले काही नाही. पण तुम्ही जे ताट सोडून गेल्या, तेव्हापासून दोन वर्षं माह्या घशाखाली घास नीट उतरला नव्हता. त्या दिवशी धरणावर उतरला. एवढंच.

आता पूजाचं. ही पोरगी घास तोंडात घेते अन् कुठं गावाले जाऊन येते काय माहीत. मी जेवून उठते, भांडी घासते, मुद्दाम आपटते, तरी हिचं अर्धं ताट बाकी. मग ती एकटी खाली मान घालून भराभरा गिळते. मी हे सहा महिने पाहून राह्यली. पाहून राह्यली, अन् भांडी आपटून राह्यली.

तर दोन वचनं देते. पुढच्या वर्षी परत उतरणार. डबा मॅडमजवळ ठेवीन, कमानीच्या पलीकडं जाऊन उघडीन, अन् मेडल आणीनच. हे सोपं वचन आहे.

दुसरं अवघड आहे. पूजाचं ताट पुरं होईपर्यंत मी पाटावरून उठणार नाही. बाजार राहो, दूध उतू जावो, कोणी दारात येऊन ओरडो. शब्द देते तुम्हाले. चिडली तर मनातल्या मनात चिडीन.

ती आली बघा, दोन ताटं घेऊन. "मम्मी, खा लो," म्हणते. वही बाजूले ठेवते आता. ही उठन तेव्हा मी उठीन.

तुमची सून,
भागरता