पाटीखालची चप्पल

बाबा, पाय प्लास्टरमध्ये आहे, म्हणून नमस्कार पडल्यापडल्याच करते. घाबरू नका. खिडकीत ढग दिसतात, दिवसभर मीही त्यांच्यासोबत तरंगते. आईची कंबर कशी आहे?

रस्त्याचं काम चालू होतं, त्या खड्ड्यात माझी स्कूटर गेली. ठेकेदार म्हणतो, धोक्याची पाटी आधीपासून होती, चूक तुमचीच असं लिहून द्या. मी सही केली नाही. वकीलबाई म्हणाल्या, आधी पोलिसांत तक्रार, दवाखान्याचे कागद जपायचे, मग भरपाईचा दावा.

मैत्रिणीने त्याच संध्याकाळी तिथले फोटो काढले. पाटीच्या पायाखाली माझी चप्पल चिरडलेली आहे. म्हणजे पाटी मी पडल्यावर आली!

चप्पल तुमचीच कशावरून, असं ठेकेदाराने विचारलं. बाबा, मी फोटोत तुम्ही घातलेले लाल दोऱ्याचे टाके दाखवले. किती लाज वाटायची मला त्या टाक्यांची!

सध्या एकाच चपलेची,
तुमची धाकटी