पत्रिका क्रमांक दोन

लातूर, मंगळवार

तीर्थरूप रेणुकादास मामा,

भार्गवीचा नमस्कार. (साष्टांग लिहायची पद्धत आहे, पण मी खुर्चीत बसून लिहिते आहे, तेव्हा साधाच.) इकडे सगळे ठीक. बाबांचं बीपी एकशे चाळीस असायचं, ते सध्या एकशे बावन्न आहे. कारण पुढे येईल. तुमच्या गुडघ्याचं कळवा. जिना चढताना दुखतो की उतरताना, हेही लिहा, कारण दोन्हींचा अर्थ वेगळा होतो. विनीता मामींच्या डोळ्यांचे थेंब दिवसातून चारदा घालायचे आहेत, तीनदा नाही. त्यांना सांगा.

दसऱ्याला तुम्ही विचारलं होतं की इंजिनिअर झालेली मुलगी हा जाहिराती लिहायचा कसला कोर्स करून राहिली आहे, आणि तो निवडला कशावरून. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला अभ्यासक्रम तपासल्याशिवाय चैन पडत नाही, हे मला मान्य आहे. उत्तर द्यायचं राहिलं होतं. दुसरी गोष्ट, मनस्विनीताईच्या लग्नाची पत्रिका मिळाल्यावर तुम्ही व्हॉट्सॲपवर ‘शुभेच्छा’ एवढंच पाठवलंत, आणि आईच्या फोनला ‘बघू’ म्हणालात. लग्न चोवीस तारखेला आहे. ताईला एकच मामा आहे. कोर्सचा आणि त्या ‘बघू’चा एकमेकांशी संबंध आहे, म्हणून क्रमानं लिहिते.

आमचे राजशेखर सर एमआयडीसीत इलेक्ट्रॉनिक वजनकाटे बनवतात आणि मी ते तपासते. उन्हाळ्यात त्यांनी नव्या काट्याचं माहितीपत्रक मला लिहायला दिलं, कारण काट्याची माहिती मलाच होती. माझं पहिलं वाक्य असं होतं: ‘या काट्यात शंभर किलोमागे वीस ग्रॅमपर्यंत चूक संभवते.’ (वाक्य बरोबर आहे. शंभर किलोला वीस ग्रॅम म्हणजे उत्तम काटा.) चाकूरचे एक आडते ते पत्रक हातात घेऊनच आले. म्हणाले, “चूक होणार म्हणून तुम्हीच छापून राहिलात, मग आम्ही घ्यावं कशाला? आमचा जुना काटा असं काही बोलत न्हाई.” सर उदगीरचे, मोजकं बोलतात. आडते गेल्यावर म्हणाले, “मॅडम, काटा एक नंबर हाय. तुमचं वाचून गिऱ्हाईक पळायलंय. कुठं शिकवत असतील तर शिकून घ्या.”

आता निवड. लातूरमध्ये वाढलेल्या मुलीला कोर्स निवडता येत नसेल, तर तिनं गावात तोंड दाखवू नये. बारावीच्या निकालानंतर माझा फोटो तीन क्लासेसच्या फलकांवर लागला होता, तो तुम्ही पाहिला आहे. त्यातल्या एकात मी शिकले, दुसऱ्यात एक सराव परीक्षा दिली आणि तिसऱ्यात फक्त चौकशीचा अर्ज भरला होता (फोटोसह; ती माझी चूक). तेव्हा जाहिरातीवरून कोर्स घ्यायचा नाही, एवढं मला ठाऊक होतं. अडचण अशी की जाहिरात लिहायला शिकवणाऱ्यांची जाहिरात ही त्यांच्या कामाचा नमुनाही असते. ती फसली तर कोर्स वाईट, आणि आपण फसलो तर कोर्स चांगला, असं काहीतरी होतं. मी एकतीस कोर्सेसचा तक्ता केला. शिकवणाऱ्यानं स्वतःच्या कोर्सखेरीज दुसऱ्या कशाची जाहिरात लिहिली आहे का, गृहपाठ माणूस तपासतो का, मराठी चालते का, अशी नऊ सदरं. पहिल्या सदरातच एकोणीस गळाले. एका ठिकाणी ‘फक्त ७ जागा शिल्लक’ असं लाल अक्षरात होतं. मी नऊ दिवस रोज सकाळी पाहिलं. आठ दिवस सात जागा होत्या आणि नवव्या दिवशी आठ. (कुणीतरी शहाणा बाहेर पडला असावा.) एका मोफत वर्गाला बसले, तीन तासांपैकी दोन तास दहा मिनिटं ते गृहस्थ पूर्वी किती गरीब होते हे सांगत होते, आणि उरलेला वेळ आता त्यांच्याकडे कोणती गाडी आहे हे.

शेवटी लुंबिनी मॅडम सापडल्या. तुमच्याच नांदेडच्या, घरून ऑनलाइन शिकवतात. त्यांच्या पानावर घड्याळ नव्हतं, उरलेल्या जागा नव्हत्या आणि पहिलं वाक्य होतं, ‘हा कोर्स अवघड आहे.’ मी त्यांना अकरा प्रश्न पाठवले. त्यांनी चारांची उत्तरं दिली आणि लिहिलं, “बाकीचं विचारण्याऐवजी एक परिच्छेद लिहून पाठवा.” मी काट्याचा परिच्छेद पाठवला. तो चौदा लाल खुणांसह परत आला. त्याच दिवशी प्रवेश घेतला. नवशिक्यानं काय पाहावं असं तुम्हाला कुणी विचारलं तर एवढंच सांगा: लिहिलेलं परत येतं का, आणि लाल होऊन येतं का.

पुस्तकांची माझी यादी सव्वीसांची होती. मॅडमनी चोवीस खोडली. त्यांचं म्हणणं, सुरुवातीला दोन पुस्तकं पुरतात, तिसरं हा लिहिणं टाळायचा बहाणा असतो. एक परदेशी आणि जुनं आहे. टपालानं माल विकणाऱ्या माणसाचं. दुसरं मराठीत, दुकानदारांसाठी लिहिलेलं, अठ्ठ्याण्णव पानांचं. (नावं देत नाही. तुम्ही लगेच मागवाल आणि माझ्याआधी संपवाल.) दोन्हींत मिळून मला चार नियम मिळाले. एक, वाचणाऱ्याशी ‘तुम्ही’ म्हणून बोला. दोन, ज्या शब्दावाचून अडत नाही तो काढा. तीन, वाचून झाल्यावर त्यानं काय करायचं ते स्पष्ट सांगा. चार, आपलं मत धरून बसू नका. दोन नमुने करा, निम्म्यांना एक, निम्म्यांना दुसरा पाठवा आणि प्रतिसाद मोजा. चौथा नियम वाचून मला प्रथमच वाटलं की हे काम आपल्याला जमेल.

सहाव्या आठवड्याचा गृहपाठ होता: घरातला एखादा खराखुरा मजकूर घ्या आणि सुधारा. त्याच आठवड्यात ताईची पत्रिका छापायची होती.

नमुना ‘अ’ म्हणजे आई-बाबांनी पसंत केलेली पत्रिका. तिच्यात निमंत्रक, स्वागतोत्सुक, मामाकडील मंडळी, शिवाय बोबड्या बोलांत आग्रह करणारी बच्चेकंपनी (यातल्या दोघांनी दाढी ठेवली आहे) अशी चौसष्ट नावं. ती मी मोजली आणि दुसरा नियम लावला. नमुना ‘ब’ असा झाला: ‘मनस्विनी आणि अनय यांचं लग्न आहे. चोवीस तारखेला दुपारी बारा वाजून सत्तावीस मिनिटांनी तुम्ही या. पहिल्या पंगतीत १८० जागा आहेत. तुम्ही वेळेवर आलात तर तुम्हाला जागा मिळेल.’ खाली कार्यालयाचा पत्ता आणि बाबांचा फोन नंबर. (१८० हा आकडा खरा आहे. मी खुर्च्या मोजून आले होते.) प्रेसमध्ये मीच जात होते, त्यामुळे दोन्ही नमुने एकशेवीस-एकशेवीस छापून घेतले. घरी सांगितलं नाही, कारण ज्यांच्यावर चाचणी चालू आहे त्यांना ती माहीत नसावी असा नियम आहे. यादीतल्या विषम क्रमांकांना ‘अ’, सम क्रमांकांना ‘ब’.

पहिल्या चार दिवसांत ‘अ’कडून नऊ फोन आले आणि ‘ब’कडून सत्त्याऐंशी. मी आकडे लगेच मॅडमना कळवले. मला अभिनंदनाची अपेक्षा होती. तेवढ्यात बाबांनी फोन माझ्या हातात दिला (एकशे बावन्न तिथून सुरू होतं). पलीकडे देवणीच्या आत्या होत्या. “पहिल्या पंगतीत जागा न्हाई म्हणून छापलंय व्हय गं? मग आम्ही डबा घेऊन येऊ का?” मी सांगितलं की १८० जागा आहेत. त्या म्हणाल्या, “हाव, आन् आमचा नंबर एकशे एक्क्याऐंशी. कळलं.” उरलेले शहाऐंशी फोनही याच विषयावर होते, फक्त आवाज वेगळे.

आईनं ‘ब’ पत्रिका दोन्ही बाजूंनी पाहिली. मागं काहीतरी असेल असं तिला वाटलं होतं. मग म्हणाली, “अगं, पत्रिका वाचतं कोण? तारीख सगळ्यांना दोन महिन्यांपासून पाठ आहे. माणूस पत्रिका उघडतो ते आपलं नाव कुठं आहे बघायला.” हे दोन्ही पुस्तकांत नाही. मी मॅडमना कळवलं, तर त्यांनी फक्त एवढं लिहिलं: “तो नियम साबणासाठी आहे. साबणाला मामा नसतो.”

आता तुमच्याविषयी. आपल्या घरी यादीत पहिली पत्रिका माहूरच्या देवीची असते. ती क्रमांक एक, म्हणजे विषम, म्हणून तिला नावांसकट गेली. (तिला गरज नव्हती.) माणसांत पहिले तुम्ही, म्हणून तुमचा क्रमांक दोन. दोन ही सम संख्या आहे. हिमायतनगरचे तुमचे साडू नरसिंगराव एकशे सतरावे होते. त्यांनी तुम्हाला फोन करून, “माझं नाव स्वागतोत्सुकमध्ये आलंय, तुमचं कितवं आहे हो?” असं विचारलं, आणि हातात नावं नसलेली पत्रिका असताना तुम्ही “आमचं पहिलंच आहे” असं सांगितलंत, हे मामींकडून आईला आणि आईकडून मला कळलं. मामा, ते उत्तर बरोबर होतं. त्यांच्या पत्रिकेत तुमचंच नाव पहिलं छापलेलं आहे. त्यांनी स्वतःच्या नावाच्या वर पाहिलं नाही आणि तुम्ही त्यांना पाहायला सांगितलं नाही.

तुमच्यासाठी वेगळी पत्रिका काढली असं तुम्हाला वाटलं असेल, तर तसं नाही. तशीच आणखी एकशे एकोणीस जणांना गेली आहे. यानं किती समाधान होईल ते मला सांगता येत नाही.

मोठ्यांना नमस्कार, तुमच्या शेजारच्या छोट्यांना जे योग्य असेल ते.

तुमची भाची,
भार्गवी

ता. क. १: सोबत नवी पत्रिका. सम क्रमांकांच्या सगळ्यांना पुन्हा पाठवली आहे, चौसष्ट नावांसह. तुमचं नाव पहिलं आहे आणि बाकीच्यांपेक्षा ठळक आहे. ते आईनं करवून घेतलं. मी हरकत घेतली नाही.

ता. क. २: कोर्सची माहिती खरी आहे, पण तेवढ्यासाठी मी इतकी पानं लिहिली नसती. ताईला बोहल्यावर तुम्ही आणायचं आहे. गुरुजी काल म्हणाले की मामा नसले तर काका चालतात. ताई लगेच कुकर लावायला आत गेली. तिला कुकर लावायला चार मिनिटं लागतात. काल अठरा लागली. चूक माझी आहे, तिची नाही. माझ्यावर रागवायचं ते लग्न झाल्यावर रागवा. मी पंचवीसची रजा घेतली आहे.

ता. क. ३: पाकीट चिकटवताना मामींचा फोन आला. म्हणाल्या, “अगं, कोट तर त्यांनी सोमवारीच इस्त्रीला दिलाय. फेटा कुठल्या रंगाचा बांधू म्हणून मलाच विचारून राहिलेत. पण कुणी न्यायला आल्याशिवाय उठणार नाहीत.” म्हणजे या पत्राची गरज नव्हती. लिहून झालं आहे म्हणून पाठवते. बावीस तारखेला सकाळच्या एसटीनं मी अक्षत घेऊन येते. रुसवा साधारण किती वेळ चालेल तेवढं मामींकडून कळवा, म्हणजे परतीची तीन तिकिटं त्या वेळेची काढते.