खाऱ्या पाण्यात धरलेला पाय

३ ऑक्टो., शुक्र.
अंगणवाडीतून आले तर नवरा ओटीवर, उजवा पाय बादलीत. खाडीत कालवं काढताना खडकावरून घसरला. कालवाच्या धारदार शिंपल्याने पोटरी चिरली. बादलीत खाडीचंच पाणी, वर हळद. सासूबाईंनी भरून आणलेलं. म्हटलं, आई, साबणाने धुवा, इंजेक्शन घेऊन येऊ देत. "खारा पाणी लागला काय जखम सुकता. ह्येच्या बापाशीन जन्मभर तसाच केल्यान." इथे सगळेच करतात. मीही केलंय. स्वयंपाकाला लागले.
तिन्हीसांजेला तसाच लंगडत जाऊन पिऊन आला. कालवांच्या सुक्याला तिखट कमी म्हणून ताट भिंतीवर. भिंत पुसली, जेवले नाही.

४, शनि.
सकाळी त्याचं अंग तापाने चटकत होतं. पोटरी भोपळ्याएवढी, वर जांभळे फोड. गुरासारखा ओरडत होता. धाकटा दीर सुनील म्हणे, "फुरसा चावला आसतला. गावात मंत्रान विष उतरवणारो आसा, तेका घेवन येतंय." गाडीची चावी त्याच्या तोंडावर फेकली. म्हटलं, ओरोसला जिल्हा हॉस्पिटलात घे, नाहीतर मी चालवते.
ओरोसला बी.पी. लागेना. शुद्ध नाही, पण ताकद राक्षसाची. वॉर्डबॉयच्या मनगटाला चावला, रक्त काढलं. चौघांनी धरून खाटेला बांधला.
डॉ. म्हणाले, समुद्राच्या पाण्यातला जंतू आहे. धडधाकट माणसाला सहसा काही करत नाही. लिव्हर खराब दिसलं की तुटून पडतो. दारू पितात का? सा.बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, हो, रोज.
म्हणजे दारूने दार उघडलं आणि आम्ही बादली भरून दिली. पाय कापावा लागेल कदाचित, गोव्याला न्या म्हणाले.

५, रवि., गोवा
फोड फुटले. खालची कातडी काळी, वास असा की सुनील बाहेर जाऊन ओकला. डॉ. म्हणतात गुडघ्याच्या वरून कापायचा, आत्ता, नाहीतर आजचा दिवस निघणार नाही.
काल अँब्युलन्समध्ये मधेच शुद्धीवर येऊन त्याने माझी वेणी धरली होती. "मेलंय तरी चलात. पाय कापूक दिलंस तर तुका जिती सोडूचंय नाय." सुनीलने तेच धरून ठेवलं. व्हरांड्यात माझा गळा धरून भिंतीला दाबलं. "सही कर, मगे बघ." वॉचमनने ओढून बाजूला केला. मान अजून वळत नाही.
सही केली.
सही नेहमीसारखी सरळ आली. त्याचीच भीती वाटते. नारळी पौर्णिमेला सगळे नारळ सोडून दर्यावरून घरी आले, आणि ह्याच पायाने त्याने मला कमरेत लाथ घातली. का, तर वाटेत कुणाशी हसले. डॉ.नी कापू का विचारलं तेव्हा हा वाचेल हे नंतर आलं मनात. आधी आलं, कापा.
कुणाला सांगू हे.

७, मंगळ.
श्वासाच्या मशीनवर आहे. लघवी बंद, डायलिसिस.
सा.बाई खाली झाडाजवळ कपाळ आपटून घेत होत्या. "माझ्या झिलाक मीच बुडयलंय गो!" राग राग आला, बखोटीला धरून उठवलं. मग दोघी रडलो. त्यांचं काय चुकलं? आईच ती.

१२, रवि.
घशातली नळी काढली. दुपारी त्याने चादर उचलून बघितलं. मी पेज भरवायला वाकले तर स्टीलचा ग्लास कपाळावर. भुवईला टाके पडले. सिस्टर म्हणाली, पोलिसांत देऊया का? म्हटलं, थांबा जरा. ती चिडली माझ्यावर. बरोबरच आहे तिचं.
वेणी कापून टाकावीशी वाटतेय.

१४, मंगळ.
जखमेची कड पुन्हा काळी. आज अजून वरून कापायला हवं. ह्यावेळी तो शुद्धीत, सही त्याचीच लागणार. सकाळपासून नाही म्हणतोय. सुनीलला हाकललं, आईला हाकललं, मला एकटीला बोलावलं. आवाज बसलेला.
"तेव्हा सही करताना तुझ्या मनात काय इला होता? खरा सांग. मगे मी करतंय सही."
म्हटलं, आधी सही कर.
"नाय. आधी सांग."
तोंड धुवायचं म्हणून बाहेर आले. खोटं बोलले तर ओळखेल, माझा चेहरा त्याला पाठ आहे. खरं सांगितलं आणि त्याने पेन फेकलं तर? डॉ. दोनदा डोकावून गेले. आई विचारतायत, काय गो, काय म्हणता तो?
सांगितलं, काय नाही, बोलायचं राहिलंय. आत जाते.